टक्के पाण्याचे कळतात, माशांचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाथसागरातल्या, म्हणजे जायकवाडी धरणातल्या, बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांत लहान मासाही अडकतो, यावरून आपल्या वाचकपत्रांत सध्या चांगलीच जुंपली आहे. कुणी मासे धरणाऱ्या भोयांना धारेवर धरतो, कुणी ठेकेदाराला. मी माळकरी बाई, मासा खात नाही, तेव्हा ‘हिला यातलं काय कळतं’ असं म्हणायला जागा आहे. पण ऐन हंगामात मासेमारीशेजारी बोटीवर राहून आले आहे, म्हणून लिहिते.

लेक आणि जावई अलास्कात सिटका या गावी असतात. जावई डिझेल मेकॅनिक. गावात घरभाडं परवडेना म्हणून दोघांनी एक जुनी बोट घेतली आणि तिच्यावरच बिऱ्हाड थाटलं. मला बोलावलं ते नेमकं फाल्गुनात, त्यामुळे त्या वर्षीची नाथषष्ठी चुकली. इकडे काल्याची हंडी फुटत होती तेव्हा मी तिकडे दोन स्वेटर घालून डिझेलच्या शेगडीवर ज्वारीची भाकरी भाजत होते. बोट हलली की तवा घसरू नये म्हणून त्या शेगडीला चारी बाजूंनी लोखंडी कठडा असतो. भाकरी उलटताना तो हाताला हमखास चटका देतो. रात्री आपल्याच श्वासाची वाफ छताला लागून थेंब थेंब पांघरुणावर टपकते. लेकीला त्याचं काहीच वाटत नाही.

मार्चअखेरीस तिथे हेरिंग नावाचा मासा किनाऱ्याला लागतो. वीतभर लांब, चंदेरी, कोकणातल्या तारलीच्या कुळातला. धंदा मात्र सगळा त्याच्या गाभोळीचा, म्हणजे पोटातल्या अंड्यांचा. ती जपानला जाते, नववर्षाच्या जेवणासाठी. मादीच्या पोटात गाभोळी पुरती भरलेली हवी आणि तिने अंडी घातलेली नकोत, असा हा अडनिडा मुहूर्त. म्हणून सरकारी माणसं नमुन्यापुरतं जाळं टाकतात, माशाची पोटं फाडतात, वजनाच्या किती टक्के गाभोळी आहे ते काढतात आणि जाहीर करतात. हंगाम जवळ आला की सगळ्यांना दोन तासांच्या सूचनेवर तयार राहावं लागतं.

जावयाला इंजिनं दुरुस्तीची बोलावणी येत, म्हणून आम्ही बोट बंदरातून काढून जवळच्या खाडीत नांगरली होती. रेडिओवर इशारा झाला आणि सगळ्या बोटींची इंजिनं एकदम अशी तापली की आमच्या फळीवरचे डबे खुळखुळायला लागले. एक छोटी होडी जाळ्याचं टोक घेऊन पळते, थव्याला वेढा घालते, मग खालचा दोर आवळला की जाळ्याची पिशवी होते. मोठी बोट येऊन त्यातला मासा पंपाने ओढून घेते. आजूबाजूला समुद्रसिंह टपलेले. वरून विमान घिरट्या घालत थवे दाखवतं. माणसं एकमेकांवर जे ओरडत होती ते लेकीने मला मराठीत सांगितलं नाही.

जाळ्यातून सुटलेल्या हेरिंगने पुढे अंडी घातली तेव्हा किनाऱ्यालगतचं पाणी लांबवर पांढुरकं हिरवं झालं. नांगर वर घेतला तर साखळीच्या कडीकडीला अंडी चिकटलेली, राळ्याच्या दाण्याएवढी, पारदर्शक. तिथले मूळचे ट्लिंगिट लोक हेमलॉक झाडाच्या फांद्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि अंडी लगडली की काढतात. मासा जिवंत परत जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. मोठ्या बोटी आमच्या वाट्याची अंडी पाण्यात पडूच देत नाहीत, ही त्यांची तक्रार. 2018 मध्ये त्यांची संस्था त्यासाठी कोर्टातही गेली.

म्हणजे तिकडेही सगळं आलबेल नाही. पण अंडी देण्याजोग्या माशाचा अंदाज 25,000 टनांच्या खाली गेला तर तिथे व्यापारी मासेमारी उघडत नाही, आणि उघडली तरी अंदाजाच्या 20 टक्क्यांहून जास्त मासा काढायचा नाही, असा नियम आहे. 2019 आणि 2020 मध्ये मासा लहान भरला, तर दोन्ही वर्षं हंगाम कोरडा गेला. त्या मोजणीवरही भांडणं आहेत, पण भांडायला हाताशी आकडा असतो.

आपल्याकडे जायकवाडीचे टक्के लहान पोरालाही पाठ. चहाच्या टपरीवर ‘आज किती?’ एवढंच विचारा, माणूस टक्के सांगतो. आपणही ते नेमाने छापता. मग त्याच पाण्यात मासा किती, हे माझ्या वाचनात कधी का आलं नाही? बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडल्याची बातमी फोटोसकट येते. त्यातली जगली किती, वाढली किती, हे पुढे कुणी छापत नाही. मिरगाचं पाणी आलं की रोहू, कटला गाभोळीने जड होऊन चढणीला लागतो आणि नेमका तेव्हाच उथळात सापडतो. थर्माकोलच्या तराफ्यावर जीव मुठीत धरून जाणाऱ्या भोयाला ‘मोठ्या आसाचं जाळं टाक’ म्हणणं सोपं आहे. त्याने टाकलं आणि शेजारच्याने बारीकच टाकलं, तर त्याच्या घरी चूल कशी पेटायची? नियम सगळ्यांना एक हवा आणि तो कशाच्या आधारावर केला, हे त्याला दिसायला हवं.

त्यासाठी विमान नको. सकाळी वजनकाट्यावर मासा येतोच. त्याची जात, लांबी, वजन आणि पोटात गाभोळी होती की नाही, एवढं वहीत मांडावं. भोयांची कितीतरी पोरं माझ्या वर्गात शिकली. फूटपट्टी त्यांना नीट लावता येते, आणि मासा कोणता हे तर ती मलाच सांगायची. मत्स्य विभागाने रकाने आखून द्यावेत, मच्छीमार सोसायट्यांनी वही सांभाळावी, आणि आपण महिन्यातून एकदा तो आकडा धरणाच्या टक्क्यांशेजारी छापावा. येत्या मिरगापासून सुरुवात करता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पैठण