सगळा दोष तांबड्या रश्श्यावर नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तरुणांमधल्या हृदयविकारावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. तांबडा-पांढरा रस्सा, मिसळीवरचा कट, तंबाखू, जागरणे, ताण ही त्यातली कारणे खरीच आहेत. तक्रार एवढीच की लेख तिथेच थांबतो. चाळिशीच्या आत कोणी गेले की ‘खाण्यावर ताबा नव्हता’ असे म्हणून तेराव्याला विषय संपतो, आणि त्याच्या भावाबहिणींचे, मुलांचे रक्त तपासायचे राहून जाते. यांतल्या काही घरांत मूळ कारण आनुवंशिक असते; त्याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. यकृताच्या पेशींवरचे एक प्रथिन जन्मापासूनच अपुरे पडत असते. कांदा-लसूणही न खाणाऱ्या घरात हा दोष असू शकतो आणि रोज पहाटे तालमीत जोर-बैठका काढणाऱ्या पैलवानातही. आम्ही जीवरसायनशास्त्र शिकवतो. आपल्या भागात या दोषाकडे जास्त लक्ष देण्याचे एक खास कारण आहे, ते पुढे मांडले आहे.

या प्रथिनाचे नाव एलडीएल रिसेप्टर. रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल एलडीएल नावाच्या कणांतून फिरते. पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर असा कण धरतो, त्याच्यासह पेशीत शिरतो, कण आत सोडतो आणि रिकामा होऊन पुन्हा वर येतो. एका खेपेला साधारण १० मिनिटे लागतात. रिसेप्टरचे आयुष्य सुमारे २० तासांचे, तेवढ्यात तो शंभरावर खेपा करतो. याचे जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे मिळते. त्यातले एक बिघडलेले असेल तर कामाचे रिसेप्टर निम्मे होतात. गल्लीतला कचरा तेवढाच आणि घंटागाड्या निम्म्या, अशी ही गत. निरोगी माणसाच्या रक्तात एलडीएलचा कण अडीच दिवस राहतो, तो इथे साडेचार दिवसांच्या आसपास राहतो. मग एलडीएल पाळण्यापासूनच दुप्पट असते. इतरांच्या धमन्यांवर जो परिणाम साठीत दिसतो तो अशांच्या धमन्यांवर पस्तिशी-चाळिशीत दिसतो. उपचार न घेतलेल्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. जगभरात अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला हा दोष आहे, म्हणजे तो दुर्मीळ मुळीच नाही. दोन्ही जनुके बिघडलेली मुले मात्र विरळा, काही लाखांत एक. त्यांना शाळकरी वयात झटका येऊ शकतो.

हा आजार ओळखला गेला तो १९३८ च्या सुमारास, ऑस्लोच्या कार्ल म्यूलर यांच्याकडून. स्नायूबंधांवरच्या पिवळसर गाठी, चढे कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार हे तिन्ही एकाच घराण्यात सोबत चालतात, हे त्यांनी दाखवले. १९६४ मध्ये बैरुतच्या खाचादुरियन यांनी नात्यात लग्ने होणाऱ्या लेबनॉनमधल्या कुटुंबांत कोलेस्टेरॉलचे तीन सरळ गट दाखवले: काही माणसे नेहमीसारखी, काहींचे दुप्पट, काही मुलांचे चौपट. एका जनुकाचा दोष याहून स्वच्छ दिसणार नाही. पण नक्की काय बिघडते, हे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी टेक्सासमधल्या डॅलस येथे शोधले. दोघेही डॉक्टर. एकाने एन्झाइमशास्त्राचे धडे घेतले होते, दुसऱ्याने आनुवंशिकीचे. झटक्यातून वाचलेल्या सुमारे ५०० रुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास गोल्डस्टीन यांनी त्याआधी सिअॅटलमध्ये केला होता.

त्यांचा प्रयोग तपशिलात सांगण्याजोगा आहे, कारण पुढची सगळी औषधे त्याच्यातून निघाली. रुग्णाच्या त्वचेचा काही मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातल्या फायब्रोब्लास्ट (तंतू बनवणाऱ्या) पेशी बशीत वाढवल्या जात. वाढताना त्यांना १० टक्के वासराचा सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) लागतो. मोजणीआधी सीरम बदलून लिपोप्रोटीन, म्हणजे एलडीएलसारखे चरबी वाहणारे कण, काढून टाकलेला सीरम एक-दोन दिवस द्यायचा. निरोगी पेशींना बाहेरून एलडीएल मिळेनासे झाले की त्यांचे कोलेस्टेरॉल बनवणारे एन्झाइम, एचएमजी-सीओए रिडक्टेज, अनेक पटींनी वाढते, आणि एलडीएल घातले की पुन्हा बसते. दोन्ही जनुके बिघडलेल्या रुग्णाच्या पेशीत हे एन्झाइम सदैव चढलेले. पहिला संशय साहजिकच एन्झाइमवर गेला. मग त्यांनी अल्कोहोलमध्ये विरघळवलेले नुसते कोलेस्टेरॉल त्या पेशींना दिले, आणि एन्झाइम झटकन उतरले. म्हणजे एन्झाइम धडधाकट होते. एलडीएलच्या कणातले कोलेस्टेरॉल पेशीच्या आतच पोहोचत नव्हते.

पुढची पायरी किरणोत्सारी आयोडीन-१२५ ची. एलडीएलला खूण म्हणून हे आयोडीन जोडायचे आणि ४ अंश सेल्सिअसला ते पेशींवर ठेवायचे. थंडीत कण पृष्ठभागाला चिकटतो, पण आत जात नाही. नंतर अल्ब्युमिनच्या द्रावणाने धुवायचे आणि हेपारिनने चिकटलेले कण सोडवून गॅमा काउंटरवर मोजायचे. दुसऱ्या बशीत तेच करायचे, पण बिनखुणेच्या एलडीएलची भरपूर मात्रा सोबत घालून, म्हणजे रिसेप्टर त्यानेच भरून जातात. तिथे उरणारी मोजणी प्लॅस्टिकला आणि इतरत्र चिकटलेल्या कणांची, ती पहिल्या आकड्यातून वजा करायची. ही वजाबाकी विसरली की रुग्णाच्या पेशींवरही रिसेप्टर ‘दिसतात’. तापमान चढले तर कण आत शिरतात आणि हेपारिनने सुटतच नाहीत. सर्वांत फसवी चूक सीरमची. लिपोप्रोटीन नीट काढले नसेल तर निरोगी पेशी पोट भरल्यामुळे आपले रिसेप्टर स्वतःच कमी करते आणि रुग्णाच्या पेशीसारखी वाटू लागते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पेशी गरजेप्रमाणे रिसेप्टरची संख्या बदलते यावरच आजची गोळी उभी आहे.

एका रुग्णाच्या पेशी कण धरत, पण आत नेत नसत. ब्राऊन-गोल्डस्टीन यांचे डॅलसमधले सहकारी रिचर्ड अँडरसन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की रिसेप्टर एरवी पेशीच्या आवरणातल्या खळग्यांत गोळा होतात आणि याचे मात्र बाहेर विखुरलेले आहेत. ८३९ अमिनो आम्लांच्या साखळीत ८०७ व्या जागी टायरोसिनऐवजी सिस्टीन आले होते, एवढाच फरक! रिसेप्टर १९८२ मध्ये गाईच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीतून शुद्ध झाला, १९८४ मध्ये जनुकाची प्रत हाती आली, १९८५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. रिसेप्टरचे जनुक कधी चालू करायचे हे ठरवणारी एसआरईबीपी ही प्रथिने त्यांच्या प्रयोगशाळेने नोबेलनंतर शोधली, आणि आमच्या मते ते काम पहिल्याइतकेच मोठे आहे.

आता गोळी. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून मिळवलेल्या पदार्थापासून स्टॅटिन औषधांची सुरुवात झाली. पहिली गोळी, लोवास्टॅटिन, १९८७ मध्ये बाजारात आली. स्टॅटिन यकृतातले तेच रिडक्टेज अडवते. पेशीला कोलेस्टेरॉल कमी पडते, ती रिसेप्टर वाढवते आणि ते रक्तातले एलडीएल ओढून घेतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आला, गोळी बंद केली’ हे इथे का चालत नाही, ते यावरून कळेल. गोळी थांबली की काही आठवड्यांत रिसेप्टर पुन्हा मूळच्या संख्येवर येतात. डोस दुप्पट केल्याने एलडीएल आणखी फक्त ६ टक्क्यांच्या आसपास उतरते. याचे एक कारण म्हणजे एसआरईबीपी रिसेप्टरबरोबर पीसीएसके९ हे रिसेप्टर मोडणारे प्रथिनही वाढवते. म्हणून डॉक्टर मात्रा चढवत नेण्याऐवजी इझेटिमाइबसारखे दुसरे औषध जोडतात, तेव्हा ‘दोन-दोन गोळ्या कशाला’ म्हणून एक परस्पर सोडू नये. पीसीएसके९ ला अडवणारी इंजेक्शने २०१५ पासून आली आहेत, ती महाग आहेत. ज्या मुलांत रिसेप्टर बनतच नाही त्यांच्यावर स्टॅटिनचा फारसा उपयोग होत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत अशा ६ वर्षांच्या मुलीवर हृदय आणि यकृत दोन्हींचे प्रत्यारोपण झाले, तेव्हा हजारावरचे कोलेस्टेरॉल तीनशेच्या आसपास आले (हे आणि पुढचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये).

आहाराचा मुद्दा आम्ही उडवून लावत नाही. संपृक्त चरबी यकृतातले रिसेप्टर कमी करते, त्यामुळे मटणाची चरबी आणि वनस्पती तूप यांचा दोष आहेच. पण पथ्याने एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरते. २५० चे २१५ होईल, १०० होणार नाही.

आता आपल्या भागाचे कारण. कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यात मामाच्या मुलीशी लग्न आजही होते. आतेभावाला हा दोष आईकडून आला असेल, तर मामेबहिणीत तोच दोष असण्याची शक्यता ४ त १. परक्या मुलीत ती अडीचशे-तीनशेत १. दोघांत दोष असेल तर प्रत्येक अपत्याला दोन्ही बिघडलेली जनुके मिळण्याची शक्यता ४ त १. सोयरीक मोडा असे आम्ही म्हणत नाही. अशा घरात झटक्याचा इतिहास असेल तर लग्नाआधी दोघांचे लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉल-चरबीची तपासणी) करा, एवढेच. मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत, कोपरांवर, गुडघ्यांवर, ढुंगणावर पिवळट-नारिंगी चट्टे किंवा गाठी आल्या तर चामखीळ समजून कापून टाकण्याआधी कोलेस्टेरॉल तपासावे. मोठ्यांत टाचेमागचा जाड स्नायूबंध फुगीर होणे, बोटांच्या पेरांवर गाठी, पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढरी कड, या खुणा पाहाव्यात. त्या नसल्या म्हणजे दोष नाही, असे मात्र नव्हे.

तपासणी साधी आहे, रिपोर्ट वाचण्यात चुका होतात. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (ज्याला ‘चांगले’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते) आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या दुसऱ्या चरबीचा) पाचवा भाग वजा. एकूण २९०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १५० असेल तर २९० उणे ४० उणे ३०, म्हणजे २२०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हा हिशेब चुकतो. तेव्हा १० ते १२ तास उपाशी राहून पुन्हा रक्त द्यावे किंवा एलडीएल थेट मोजायला सांगावे. झटक्यानंतर २४ तास उलटले की एलडीएल तात्पुरते उतरते, त्यामुळे आयसीयूतला बरा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. गोळी आधीच चालू असेल तर मूळ आकडा काढावा लागतो: अॅटोर्वास्टॅटिन १० मिलिग्रॅमवर एलडीएल १३० असेल तर गोळीआधी ते २१० च्या आसपास असणार. प्रौढात १९० आणि घरात इतिहास असलेल्या मुलात १६० च्या वर गेल्यास हा दोष मनात धरावा. त्याआधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि लघवीतले प्रथिन तपासून घ्यावे. थायरॉइड मंदावले की रिसेप्टर कमी होतात आणि आकडा हुबेहूब असाच येतो, पण त्याचा उपचार वेगळा. मुलांना स्टॅटिन साधारण ८ ते १० वर्षांपासून देतात. गरोदरपणाचा विचार करणाऱ्या स्त्रीने गोळीबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावे.

जनुक चाचणीवाचून काम अडत नाही. रुग्ण सापडला की आधी त्याची भावंडे आणि मुले तपासावीत. यांतल्या प्रत्येकाला दोष असण्याची शक्यता २ त १. मग त्याचे आई-वडील. आईचा आकडा चढा निघाला तर मामा, मावशा आणि त्यांची मुले. वडिलांचा निघाला तर काका, आत्या आणि त्यांची मुले. आई-वडील दोघेही हयात नसतील तर दोन्ही बाजू तपासाव्या लागतात.

आपले,
जीवरसायनशास्त्राचे दोन अध्यापक,
कोल्हापूर