एनडीएचा अर्धा पेपर क्लासवाले विसरतात

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.
माझा पोरगा एनडीएची (सैन्यदलात अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची) लेखी पास झाला, गणिताचा ३०० आणि जनरल अॅबिलिटीचा ६०० मार्कांचा पेपर, दोन वर्षं घरात दुसरा विषयच नव्हता. पण त्यानंतरची एसएसबी (सैन्यदलाची निवड मुलाखत आणि चाचण्या) पण पूर्ण ९०० मार्कांची असते, म्हणजे लेखीएवढीच, हे आम्हाला कॉल लेटर आल्यावर समजलं! मग धावपळ करून एका क्लासला घातला तर तिथं काय, तयार गोष्टी पाठ करून घेतात. आता एसएसबीत पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात आणि ४ मिनिटांत गोष्ट लिहायची असते, मग तिच्यावर ग्रुपमध्ये बोलायचं असतं, पाठ केलेली गोष्ट तिथं बसणार कशी? आमचा तिथंच स्क्रीन आउट, म्हणजे पहिल्याच चाळणीत बाहेर, संध्याकाळी परतीच्या गाडीत. फोनवर म्हणाला, "बाबा, गोष्ट लिहिली, पण ग्रुपमध्ये बोलायला तोंडच उघडलं नाही."
चूक आमचीही आहे म्हणा, घरात त्याला बोलू कधी दिलं. वय साडेएकोणीसच्या आत आहे, परत बसतोय. शाळांनी आठवी-नववीपासून गटचर्चा, मैदान सुरू करावं, आणि क्लासवाल्यांनी जाहिरातीत लेखी पास झालेल्यांना 'सिलेक्टेड' म्हणणं बंद करावं.
- एक पालक