कासच्या फुलांवर आळ कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर लागला की आमच्या सूनबाईंच्या शिंका सुरू होतात. सकाळी अंगण झाडायला गेली की वीस-पंचवीस ठरलेल्या, डोळे लालबुंद. ‘कास पठाराची फुलं बाधतात’ असं सगळे सांगत, आम्हीही मान डोलवायचो. गेल्या वर्षी एका शिबिरात ॲलर्जी कशाची आहे हे पाहायला तिचं रक्त तपासलं. रिपोर्टात वांगं, तूरडाळ, झुरळ अशा डझनभर नावांपुढे खुणा, आणि लगेच तीन वर्षांच्या थेंबांचं पॅकेज पुढ्यात. त्रास कुठल्या महिन्यात होतो, हे कुणी विचारलंच नाही. वांगं ती बारा महिने खाते हो!

पुढे पुण्यात तज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी आधी अर्धा तास नुसती चौकशी केली. सेट्रिझिनची (ॲलर्जी दाबणारी) गोळी आठवडाभर बंद ठेवून या म्हणाले, कारण गोळीचा अंमल असला की कातडीवर काही उठत नाही. मग हातावर पेनाने आकडे, प्रत्येकापाशी एकेका संशयित पदार्थाचा थेंब, त्यावर हलकी टोचणी. एक थेंब हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या द्रव्याचा, तिथे फुगायलाच हवं. एक मिठाच्या पाण्याचा, तिथे फुगता कामा नये. पंधरा-वीस मिनिटांनी पट्टी लावून मोजणी. तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठा फुगवटा धरायचा. गवताला आणि गाजर गवताला चांगले मोठे फुगवटे आले. घरच्या धुळीतल्या किड्यालाही लहानसा आला, पण तो त्यांनी सोडून दिला. धूळ बारा महिने असते, हिला त्रास पावसाळा सरतानाच.

रक्ताची तपासणी वाईट नाही. ज्यांना गोळी थांबवता येत नाही त्यांना तीच सोयीची. पण खूण म्हणजे आजार नव्हे, ती त्रासाशी जुळावी लागते. इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची ॲलर्जी तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावणं (शिबिरातले थेंब त्याचेच), तीन ते पाच वर्षं चालते. चुकीच्या गोष्टीसाठी घेतली तर तेवढी वर्षं आणि पैसे पाण्यात. ती इंजेक्शनने घेतली तर दर इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबवतात, क्वचित त्याचीच जोरदार ॲलर्जी उठते म्हणून. दमा असेल तर तो आधी आटोक्यात हवा. हे सगळं आम्हाला पुण्यातच कळलं, शिबिरात नाही.

आणि कासची फुलं? रंगीत फुलांचे पराग जड, चिकट. ते बहुतेक किडे-माश्यांच्या अंगावरून जातात. वाऱ्यावर उडतात ते गवताचे. गाजर गवत तर आमच्याच कंपाउंडलगत कमरेएवढं वाढलं होतं. यंदा ते फुलायच्या आधीच, हातमोजे घालून उपटलं.

आपला,
एक वाचक, गोडोली, सातारा