भाकरी आपोआप थापल्या जात नव्हत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत क्रांतिसिंह नाना पाटलांनी बेचाळीसनंतर साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या प्रतिसरकारवर पानभर लेख छापल्याबद्दल आभार. शेणोलीची लुटलेली गाडी आली, धुळ्याचा लुटलेला खजिना आला, वसंतदादांनी फोडलेला सांगलीचा तुरुंग आला. सावकारांच्या पायांना पत्र्या ठोकल्याच्या किश्श्यांना तर दीड रकाना मिळाला. आपल्या लेखकांना त्यात रस दिसतो. बायकांच्या वाट्याला मात्र एकच वाक्य. काय, तर गावोगावच्या मायमाउल्या भूमिगतांना मायेने भाकरी पुरवत. झालं! जणू भाकरी चुलीवर आपोआप थापल्या जात होत्या आणि फौजदाराला वासही येत नव्हता.

अशाच एका ‘मायमाउली’ने मला वाढवलं, म्हणून लिहितो. माझी आत्या. विधवा होती आणि माझी आई मी रांगत असतानाच गेलेली. आमच्या गावापासून औंध संस्थानची हद्द जवळ. त्रेचाळीस-चव्वेचाळीस साली त्या हद्दीला केवढं मोल होतं ते लेखकांनी सांगितलेलंच नाही. इकडे इंग्रजी मुलूख, तिकडे औंधच्या राजांचं कुंडल. पलीकडे गेलं की इंग्रजांच्या पोलिसांचा हात सहजासहजी पोचत नसे. पण पलीकडे निरोप न्यायचा कुणी? तरण्या गड्याला नाक्यावर अडवत, पार धोतराचा सोगा झटकून बघत. तापाने फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन वैद्याकडे निघालेल्या रंडकीला कोण अडवणार?

तर ते पोर मी. मला घोंगड्यात गुंडाळायचं, काखेत कांदा दाबायचा आणि हूं की चूं करायचं नाही. चिठ्ठी माझ्या कोपरीच्या आत शिवलेली असे. हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा वाटायचं, मी सारखा आजारी पडणारा मुलगा आहे. माळ्यावर महिना-महिना राहणारा माणूस कोल्हापूरचा मामा होता आणि त्याला छातीचं दुखणं होतं म्हणून तो खाली येत नसे. आत्याने बजावलं होतं, “कुणी इचारलं तर मामा म्हनायचं. न इचारता बोललास तर थोबाड फोडीन.” फोडलंही एकदा.

मायेचंच म्हणाल तर, एका पावसाळ्यात मला खरोखरचा हिवताप भरला. दातावर दात वाजत होते. तरी तिने आधी ठरलेल्या घरी जाऊन चिठ्ठी दिली आणि मग मला वैद्याकडे नेलं. पुढे मी याचा जाब विचारला, तर म्हणाली, “मग? जगलास न्हवं?” या एका गोष्टीसाठी मी तिच्यावर आजही रागावलेलो आहे आणि तो राग मला सोडायचाही नाही. पण तिला ‘मायमाउली’ म्हणून हार घालणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. ती कामाची बाई होती. जे हाताशी होतं ते तिने वापरलं: घर, वैधव्य, चूल आणि मी.

१९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू झालं, ताम्रपट वाटले गेले. गावातल्या लोकांनी भरीस घातल्यावर उशिराने का होईना, आत्याचा अर्ज मीच लिहिला. कचेरीतल्या साहेबाने विचारलं, तुरुंगवासाचा दाखला? बायकांना सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांचा चालतो म्हणे, केवढी ही सवलत. नाही? मग भूमिगत होता? तर फरारी घोषित केल्याचा किंवा पकडून देण्याबद्दल बक्षीस लावल्याचा कागद आणा. आत्या म्हणाली, “साहेब, आमचं नाव सरकारला कळलं असतं, तर आमी काम नीट केलं न्हाई असं झालं असतं.” साहेब हसला आणि अर्ज परत दिला. तो कोल्हापूरचा मामा तोवर बराच मोठा माणूस झाला होता. नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं तुमचा पेपर वाचत असतील. त्यांच्या वाड्यावर पत्र घेऊन गेलो, तर ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ म्हणून कळलं. नंतरही ते दौऱ्यावरच राहिले.

बरं, ज्यांची नावं सगळ्यांना माहीत आहेत, त्यांचं तरी नीट लिहावं. हौसाताई पाटलांच्या फोटोखाली फक्त ‘क्रांतिसिंहांची कन्या’. भवानीनगरच्या ठाण्यासमोर नवरा मारतोय असं सोंग घेऊन त्यांनी पोलिसांना बाहेर गुंतवलं आणि सोबत्यांनी आतल्या बंदुका पळवल्या. गोव्याच्या तुरुंगातून सहकाऱ्याला सोडवायला गेल्या आणि परतीला लाकडी पेटीच्या आधाराने रात्री मांडवी ओलांडली. २०२१ मध्ये वारल्या त्या. इतकी वर्षं हे सांगायला त्या होत्या, कुणी विचारलं असतं तर! आणि हौसाताईंची आई त्या लहान असतानाच वारलेली, वडील नाना पाटील चळवळीत, घरदार जप्त. मग ती पोर कुणी वाढवली, कुणाच्या ओसरीवर, हे शोधायला आपल्या लेखकांना सवड झालेली दिसत नाही. त्यांना धुळ्याच्या खजिन्याची रक्कम मोजायची होती.

आणखी एक. लेखात जागोजाग ‘सांगली जिल्हा’ म्हटलं आहे. तेव्हा आम्ही सातारा जिल्ह्यात होतो. वेगळा जिल्हा १९४९ साली झाला, तोही ‘दक्षिण सातारा’ या नावाने. दुरुस्ती छापावी. छापताना मागच्या खेपेसारखं माझं पत्र अर्ध्यात कापू नये. कापायचंच असेल तर त्याच पानावरची दागिन्यांची जाहिरात थोडी लहान करता येईल.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पलूस