डाव्या तळहातावरची भाकर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

माणसानं स्वतःला पुरेसं व्हावं, असं सांगणारा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. देवाच्या कृपेवर विसंबणाऱ्यांना लेखकानं जाता जाता ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’मध्ये बसवून टाकलं आहे. मी ख्रिस्ती आहे. महापालिकेच्या रुग्णालयात ३३ वर्षं परिचारिका होते. खाटल्यावर बसून राहणं मला कधी जमलं नाही, म्हणून हे पत्र.

बायबलमध्ये कृपेविषयी इतकं लिहिणारा ख्रिस्ताचा प्रेषित पौल पोटासाठी तंबू शिवायचा. इतर प्रेषितांपेक्षा मी जास्त श्रम केले, पण ते देवाच्या कृपेनं केले, असं तोच करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो. शरीरातला काटा काढ म्हणून त्यानं प्रभूला तीनदा विनवलं. काटा काही निघाला नाही. उत्तर मिळालं: माझी कृपा तुला पुरे आहे. हे वचन मला संडे स्कूलपासून पाठ होतं. कळलं मात्र गेल्या जूनमध्ये.

भायखळा स्टेशनच्या पुलावर ओल्या पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मी एकटी राहते. पहिले चार दिवस येईल त्याला ‘नको, माझं मी बघते’ म्हणून परत पाठवलं. डाव्या हातानं अर्धी बादली ओढत नेली. भाकरीचं पीठ मळायला बसले, तर परातच गरागरा फिरायला लागली. पाचव्या दिवशी समोरच्या खोलीतल्या आपा न विचारता आत आल्या, फणी घेऊन माझ्या पाठीशी बसल्या आणि चार दिवसांचा गुंता टोकाकडून हळूहळू सोडवू लागल्या. मला रडू आवरेना. वॉर्डात शौचाचं भांडं घ्यायला संकोचणाऱ्या किती पेशंटांना मी ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हटलं असेल! देणाऱ्याचं काम सोपं असतं, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तारण, म्हणजे पापातून सुटका, ही देवाची देणगी आहे, ते कमावता येत नाही, असं आम्ही मानतो. कामं करायचीच, पण ती त्याच्यापुढे बिलासारखी मांडायची नाहीत. मी मांडत होते. रात्रपाळ्या, उपास, मंडळीतली सेवा, सगळं मनात जमा धरलेलं होतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. १८९५ साली याच मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगत. विठ्ठलापुढे रित्या हातांनी उभा राहणारा वारकरीही पंढरपूरपर्यंत चालतच जातो ना? त्याला आळशी कोण म्हणेल?

जुलैच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर घेण्याच्या विधीला, गेले. उजवा हात झोळीत. देवाच्या दारात डावा हात पुढे करायचा कसा, म्हणून मी जागीच घुटमळले. शेवटी केला. पाळकांनी भाकरीचा तुकडा त्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं स्वतःच मिटवली.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, भायखळा, मुंबई