फोन चार्जिंगला, माणूस न्हाणीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

म्हातारी माणसे पडली की मोबाइल आपोआप कळवतो, हे ऐकून पुण्या-नागपूरला गेलेली मुले गावाकडच्या आईवडिलांच्या फोनमध्ये ॲप टाकतात आणि निर्धास्त होतात. सेन्सर खरेच काम करतो. पण माणूस पहाटे न्हाणीत घसरतो, आणि फोन तेव्हा चार्जिंगला असतो.

फोनमधला ॲक्सिलरोमीटर तिन्ही दिशांचे त्वरण मोजतो. फोन स्थिर असताना एकूण आकडा १ जी, म्हणजे पृथ्वीच्या ओढीएवढा असतो. माणूस कोसळताना तो क्षणभर बराच खाली येतो, आदळताच अडीच-तीन जीच्या वर उसळतो, मग उभा फोन आडवा होतो आणि हालचाल थांबते. या तिन्ही खुणा ओळीने आल्या तरच ॲपने पडणे धरावे. नुसत्या दणक्यावर चालणारे ॲप बैलबंडीत आणि एसटीत सारखे ओरडेल. चार खोट्या हाकांनंतर शेजारीही उठत नाहीत. फोनच हातातून निसटला, तर मीटरभर खाली यायला त्याला ०.४५ सेकंद लागतात आणि तोवर आकडा शून्याजवळ राहतो. माणसाचे पाय जमिनीला टेकलेले असल्याने त्याचा आकडा सहसा इतका उतरत नाही.

भिंत धरून हळूहळू खाली बसलेला माणूस मात्र ॲपमधून निसटतो. दणकाच नसतो. अशा ॲपची पारख बहुधा गादीवर मुद्दाम पडणाऱ्या तरुणांवर झालेली असते, हे विसरू नये.

फोन कमरेलाच हवा. सदऱ्याच्या वरच्या खिशातून तो वाकताच पडतो आणि लुगड्याला तर खिसाच नाही. चंचीसारखी कापडी पिशवी शिवून कमरेला घट्ट बांधावी. सैल पिशवी झुलते आणि आकडे बिघडवते. न्हाणीत जाताना फोनला प्लास्टिकची पिशवी घालावी. चार्जिंग संध्याकाळी जेवणाच्या वेळी उरकावे. रात्री पिशवी खाटेच्या उशाशी ठेवावी आणि उठल्यावर आधी ती बांधायची, मगच पाय उचलायचा.

सेटिंगमध्ये ॲपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करावी, ऑटोस्टार्ट असेल तर सुरू करावे. नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर फोन काही वेळाने ॲपच झोपवतो. बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच सापडते. नेट बंद करून एसएमएस जातो का, तेही पाहावे. रिचार्ज संपले की तोही जात नाही.

चाचणी म्हाताऱ्यांवर करू नये. घरातल्या धडधाकट माणसाने पिशवी बांधून दोन जाड गाद्यांवर गुडघ्यांवरून पुढे, मागे, कुशीवर दहादा पडावे. नंतर मांडी घालून धपकन बसावे, उकिडवे बसून उठावे. पहिल्यात सात-आठदा गजर हवा, दुसऱ्यात एकदाही नको. ‘मी ठीक आहे’ हे बटण दाबायला अर्धा मिनिट मिळावे, मराठीत मोठ्या अक्षरांत.

पहिला क्रमांक भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा ठेवा, पुण्याच्या मुलाचा नंतर. तासाच्या वर पडून राहणे घातक असते, मे महिन्यात तापलेल्या अंगणात तर फारच. शेजाऱ्याने धावत येऊन लगेच उभे करू नये. एक पाय आखूड दिसला आणि पाऊल बाहेर वळलेले असले तर खुब्याचे हाड मोडले असे समजून, न हलवता १०८ ला फोन लावावा.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ