रायग्रासचं बी उगवलं नाही : पैसे परत व लेखी खुलासा मिळण्याबाबत

नाशिक, १० डिसेंबर

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गंगापूर रोडला आमचं लग्नाचं लॉन्स आहे. तिथली हरळी पावसाळ्यात छान असते. पण तिकडे निफाडला पारा १० अंशांच्या खाली जायला लागला की आमच्याकडेही ती पिवळी पडते, आणि नेमके तेच लग्नाचे दिवस. म्हणून दरवर्षी नोव्हेंबरात हरळीवर रायग्रास या थंडीतल्या गवताचं बी फोकतो. थंडीभर ते हिरवं राहतं, उन्हाळ्यात जळून जातं आणि खालची हरळी पुन्हा वर येते.

यंदा स्टेजसमोरच्या ३,००० चौरस फुटांसाठी तुमचं १० किलो बी घेतलं. १४ नोव्हेंबरला हरळी पार मुळाशी कापली, दाताळ्याने वाळका थर ओढून काढला, अर्धं बी उभं आणि अर्धं आडवं फोकलं, वर चाळलेलं गांडूळखत टाकलं. दिवसातून तीनदा हलकं पाणी दिलं. चांगलं बी आठ-दहा दिवसांत दिसायला लागतं. इथे आज सव्वीसावा दिवस आहे, आणि चार काड्या इथे, चार तिथे, मधे उघडी माती.

तुमचे प्रतिनिधी फोनवर म्हणाले, पाणी कमी पडलं असेल. मग पिशवीत उरलेल्या मूठभर बियांतले १०० दाणे मोजले आणि सोयाबीनचं बी तपासतात तसे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. दहा दिवसांत मोड आले १९ दाण्यांना. पिशवीवर उगवणशक्ती छापली आहे ८५ टक्के! तपासणीच्या तारखेचं स्टिकर एका कोपऱ्यात उचललेलं होतं. नखाने सोललं, तर खाली आणखी एक स्टिकर आणि त्यावर दोन वर्षांपूर्वीची तारीख. याचं उत्तर मला हवं आहे.

बदली बी पाठवतो, असं तुम्ही म्हणता. ते आता काय कामाचं? पेरल्यावर निदान तीन आठवडे जागेवर पाय पडू द्यायचा नसतो, आणि आमच्याकडे दर दोन-तीन दिवसांनी मांडव आहे. तुमच्या बियाच्या भरवशावर हरळी कापून टाकली. थंडीत तीही वाढत नाही, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत पाहुण्यांच्या पायाखाली मातीच. परवा एका नवरीचा शालू खालून मातीने भरला. तिच्या आईसमोर मला मान वर करता आली नाही.

बियाची पूर्ण रक्कम परत करा, स्टिकरबद्दल १५ दिवसांत लेखी खुलासा द्या आणि या लॉटच्या उरलेल्या पिशव्या दुकानांतून उचला. बिल आणि दोन्ही स्टिकरचे फोटो सोबत जोडले आहेत. पिशवी आणि गोणपाटातले दाणे जपून ठेवले आहेत. तुमच्या माणसाने केव्हाही येऊन पाहावेत.

आपला,
एक ग्राहक